‘ढ’ कोण ठरवतं?

ग्रामीण मुलांना वाचता-मोजता किती येतं ते पाहणाऱ्या ‘असर’ पाहणीचा अहवाल आला की आपल्याकडे आठवडाभर एक ठरलेलं भांडण होतं. २०२४च्या अहवालाप्रमाणे देशाच्या ग्रामीण भागात पाचवीत बसणाऱ्या मुलांपैकी ४८.८ टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा उतारा वाचता आला; म्हणजे निम्म्याहून थोड्या जास्त मुलांना तो आला नाही. आकडा छापून आला की एक बाजू विचारते, सातव्या वेतन आयोगाचा पगार घेऊन हे मास्तर करतात तरी काय? दुसरी बाजू म्हणते, मतदार याद्या, पोषण आहाराचा हिशेब, रोज मागवली जाणारी ऑनलाइन माहिती, या सगळ्यातून शिकवायला वेळ मिळतो कुठे? एकाला शिक्षक कामचुकार दिसतो, दुसऱ्याला वेठबिगार. आठवड्याने दोघेही गप्प होतात आणि पुढचा अहवाल येईपर्यंत वर्गात काय चालतं याची चौकशी कोणी करत नाही.

मी जिल्हा परिषदेच्या शाळांत २६ वर्षं पहिली ते चौथीच्या वर्गांना शिकवलं. या भांडणात दोन्ही बाजूंच्या म्हणण्यात तथ्य आहे हे मी जवळून पाहिलंय. पण मुलाचं शिकणं ज्या गोष्टीने रोजच्या रोज ठरतं, तिच्याबद्दल दोघंही बोलत नाहीत. समोर बसलेल्या या पोराला वाचता येईल, भागाकार करता येईल, असं त्याच्या शिक्षकाला मनातून वाटतं का? माझं म्हणणं असं की शिक्षकाची मुलाकडे पाहण्याची नजर ही ज्याच्या त्याच्या स्वभावाची बाब म्हणून सोडून देता येणार नाही. ती दिवसातून शंभर वेळा कृतीत उतरते. प्रश्न कोणाला विचारला, उत्तरासाठी किती थांबलो, चुकल्यावर काय केलं, यांतून ती मुलापर्यंत पोचते आणि त्याच्या वाचनावर, गणितावर परिणाम करते. कृतीत उतरते म्हणूनच ती तपासता येते, आणि बदलताही येते.

मधल्या सुट्टीत शिक्षक डबा खायला एकत्र बसले की मुलांबद्दल कोणत्या म्हणी निघतात ते आठवून पाहा. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. पालथ्या घड्यावर पाणी. खाण तशी माती. मुलाचे पाय पाळण्यात दिसतात. चारही म्हणींचं सांगणं एकच, की मूल जसं आलं तसंच राहणार. या सगळ्यांहून घट्ट बसलेला शब्द म्हणजे ‘ढ’. ब्राह्मी लिपीपासून आजच्या देवनागरीपर्यंत बाकीची अक्षरं बदलत गेली, हे एक अक्षर जवळजवळ जसंच्या तसं राहिलं; म्हणून जे पोर वर्षानुवर्षं बदलत नाही ते ‘ढ’, अशी या शब्दाची उपपत्ती सांगतात. ती खरी असो वा नसो, तिच्यातली एक गोष्ट मला फार लागते. अक्षर आपण होऊन बदलत नाही. पिढ्यान्‌पिढ्या लिहिणाऱ्यांचे हात त्याला वळण देतात. ‘ढ’ला तेवढा कोणाचा हात लागला नाही.

एका प्रशिक्षणात आम्हांला एक साधं काम दिलं होतं. सहकाऱ्याने आपल्या वर्गात मागे बसायचं, कोण कुठे बसलंय याचा कागदावर नकाशा काढायचा, आणि आपण ज्या मुलाशी बोलू त्याच्या चौकटीत एक खूण करायची. बाकी काही नाही. मला खात्री होती की मी सगळ्यांना सारखं वागवते. तास संपल्यावर कागद हातात आला तेव्हा खिडकीकडच्या रांगेत खुणांची गर्दी होती आणि दाराकडच्या चार चौकटी कोऱ्या होत्या. त्या चौघांतली दोन मुलं ऊसतोडीहून परतलेल्या घरांतली. एक मुलगी धाकट्या भावंडाला सांभाळायला आठवड्यातून दोन दिवस घरी राहणारी. चौथ्याच्या थोरल्या भावाला मीच आधी शिकवलं होतं आणि हा धाकटा वर्गात आला त्या पहिल्या आठवड्यातच ‘हाही तसलाच’ असं मनाशी ठरवून टाकलं होतं. मी या चौघांना कधी मारलं नव्हतं, कधी घालूनपाडून बोलले नव्हते. त्यांच्याशी बोललेच नव्हते. तो कागद मी नोकरी संपेपर्यंत टाचणवहीत जपून ठेवला होता.

पुढे वाचायला लागले तेव्हा कळलं की हे माझ्या एकटीचं नाही. १९७० साली ब्रोफी आणि गुड या दोन अमेरिकन संशोधकांनी पहिलीच्या चार वर्गांत बसून नेमक्या अशाच नोंदी केल्या. शिक्षकांना जी मुलं हुशार वाटत होती, त्यांचं उत्तर चुकलं की शिक्षक प्रश्न फिरवून विचारत, धागा देत, पुन्हा संधी देत. जी कच्ची वाटत होती त्यांना चुकल्यावर बोलणी अधिक बसत, आणि बरोबर आलं तरी शाबासकी कमी मिळे. मेरी बड रो यांनी त्याच सुमारास शिक्षक प्रश्न विचारल्यावर किती वेळ थांबतात ते मोजलं. सरासरी एक सेकंदाच्या आसपास. हाच वेळ तीन सेकंदांवर नेला की मुलांची उत्तरं लांबतात, न बोलणारी मुलं बोलू लागतात. आणि आधीचा तो तोकडा वेळही सगळ्या मुलांना सारखा वाटून दिलेला नव्हता. हुशार समजल्या गेलेल्या मुलांसाठी शिक्षक जास्त थांबत होते. आता एका वर्षाचे शाळेचे दिवस धरा, दिवसाचे तास धरा, आणि एका मुलाच्या वाट्याला चार वर्षांत किती प्रश्न आले, किती सेकंद आले याचा अंदाज करा. चौथीच्या शेवटी त्या दोन मुलांत जो फरक दिसेल त्याला आपण बुद्धी म्हणणार का?

याविरुद्धचा सगळ्यांत भक्कम मुद्दा संशोधकांनीच मांडलेला आहे आणि तो टाळून पुढे जाणं बरं नव्हे. शिक्षकाच्या अपेक्षेने मूल घडतं या कल्पनेमागे रोझेन्थाल आणि जेकबसन यांचा १९६८ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग आहे. दक्षिण सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका प्राथमिक शाळेत सुमारे एक पंचमांश मुलांची नावं चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निवडली आणि शिक्षकांना सांगितलं, चाचणीनुसार ही मुलं यंदा झेप घेणार आहेत. वर्षाअखेर पहिली-दुसरीतल्या त्या मुलांचा बुद्ध्यंक इतरांपेक्षा अधिक वाढलेला दिसला. प्रशिक्षणवर्गात हा प्रयोग चमत्कारासारखा सांगतात. मात्र वरच्या इयत्तांत परिणाम जवळपास दिसलाच नाही, आणि एवढ्या लहान मुलांसाठी ती चाचणी विश्वासार्ह होती का यावर तेव्हाच कडक टीका झाली, हे सांगत नाहीत. १९८४ साली रॉडेनबुश यांनी असे अनेक प्रयोग एकत्र तपासले. शिक्षक त्या मुलांना दोन आठवड्यांहून जास्त ओळखत असतील तर बाहेरून दिलेल्या खोट्या माहितीचा परिणाम उरत नाही, असं त्यांना आढळलं. २००५ साली जसिम आणि हार्बर यांनी साडेतीन दशकांचा आढावा घेऊन म्हटलं की परिणाम असतो, पण सरासरीने लहान असतो. आणि शिक्षकांचे अंदाज बरेचदा बरोबर येतात ते मुलांची स्थिती त्यांना नीट कळलेली असते म्हणून.

हे सगळं मान्य करूनही माझं म्हणणं बदलत नाही. दोन आठवड्यांनी खोटी माहिती उतरते, कारण ती परक्या माणसाने सांगितलेली असते. माझ्या वर्गातल्या त्या चौथ्या मुलाबद्दल मला कोणी काही सांगितलं नव्हतं. दाखल्यावरचं आडनाव, वस्तीचं नाव, थोरल्या भावाची आठवण, यांतून माझं मत माझं मीच तयार केलं होतं, आणि जे मत आपलं असतं त्याला आपण अनुभव म्हणतो. ते दोन आठवड्यांत उतरत नाही. प्रत्येक चुकीच्या उत्तराबरोबर पक्कं होत जातं. सरासरीचंही तसंच. ज्या आढाव्यात परिणाम लहान म्हटलाय, त्याच आढाव्यात असंही आहे की समाजाने आधीच खाली लेखलेल्या गटांतल्या मुलांवर तो अधिक मोठा असू शकतो. खिडकीकडच्या रांगेतली मुलं माझ्या दुर्लक्षातूनही तरली असती. त्यांच्या घरी शिकवणी होती, वर्तमानपत्र होतं, चुकलं तर सांगणारी आई होती. दाराकडच्या चौघांना शाळेबाहेर शिकवणारं कोणी नव्हतं. राहिला अंदाज बरोबर येण्याचा मुद्दा. हवामान खात्याचा अंदाज चुकला काय नि बरोबर आला काय, त्याने पाऊस कमी-जास्त होत नाही. मास्तरांचा अंदाज मुलाच्या कानावर पडतो आणि मूल त्याप्रमाणे वागू लागतं. मग मार्चमध्ये तो अंदाज बरोबर आला म्हणून कोणाला शाबासकी द्यायची?

करला हॉफ आणि प्रियंका पांडे यांनी उत्तर प्रदेशातल्या खेड्यांत केलेला प्रयोग मला या बाबतीत सगळ्यांत जास्त बोलका वाटतो. सहावी-सातवीतल्या मुलग्यांना कागदावरचे चक्रव्यूह सोडवायला दिले, सोडवेल त्याला पैसे. जात जाहीर केली नाही तेव्हा वरच्या मानलेल्या आणि खालच्या मानलेल्या जातींच्या मुलांनी जवळपास सारखीच कामगिरी केली. सगळ्यांसमोर नाव, गाव आणि जात मोठ्याने पुकारली, तेव्हा खालच्या मानलेल्या जातींच्या मुलांची कामगिरी जवळपास पाव भागाने घसरली. मुलं तीच होती आणि कोडीही तशीच. बदललं होतं ते एवढंच, की आपल्याला इथे काय समजलं जातंय हे मुलांना कळलं होतं. एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये विद्यार्थी भीमराव गणित सोडवायला फळ्याकडे निघाले, तेव्हा फळ्यामागे ठेवलेले डबे विटाळतील म्हणून वर्गातली मुलं ते उचलायला धावली, हा प्रसंग महाराष्ट्रात सगळ्यांना माहीत आहे. आपण तो त्या मुलाच्या जिद्दीसाठी सांगतो. मला त्यात दुसरंही दिसतं. फळ्यापर्यंत चालत जाताना वर्गभर जो गलका झाला, तो डोक्यात असताना गणित सोडवायचं होतं. त्यांनी सोडवलं म्हणून आपल्याला गोष्ट कळली. ज्यांना त्या गलक्यात सुचलं नाही आणि जे जागेवर येऊन बसले, त्यांच्या गोष्टी कुठे आहेत?

महात्मा फुले यांनी हे १८८२ सालीच ओळखलं होतं. हंटर शिक्षण आयोगापुढे केलेल्या निवेदनात त्यांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा असं सांगितलं आणि त्याबरोबर शिक्षक कसे असावेत याचीही मागणी केली. शिक्षक प्रशिक्षित हवेत, आणि शक्यतो शेतकरी वर्गातूनच आलेले हवेत. कारण ते मुलांमध्ये मोकळेपणाने मिसळतील, त्यांच्या गरजा त्यांना कळतील. सोवळ्यामुळे अंतर राखून बसणाऱ्या शिक्षकाकडून हे होत नाही, असं त्यांचं निरीक्षण होतं. शिक्षकाची नजर हा धोरणाचा विषय आहे, हे सरकारी आयोगाला इतक्या स्पष्टपणे सांगणारं त्याआधीचं दुसरं निवेदन माझ्या वाचनात नाही. आणि ते हवेत बोलत नव्हते. त्यांच्या शाळेत तीनेक वर्षं शिकलेल्या, मांग समाजातल्या चौदा वर्षांच्या मुक्ताबाईने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला होता. ज्या मुलीला वर्गात बसू द्यायलाच समाज तयार नव्हता, तिच्याकडून निबंधाची अपेक्षा करणारं कोणीतरी त्या शाळेत होतं.

इथे एक प्रश्न मला स्वतःला टोचतो. आज जिल्हा परिषदेच्या शाळांत बहुजन समाजातले, दलित-आदिवासी समाजांतले शिक्षक मोठ्या संख्येने आहेत. मग प्रश्न सुटायला हवा होता. तो सुटला का? हॅना आणि लिंडन यांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात भारतातल्या शिक्षकांना तपासायला उत्तरपत्रिका दिल्या आणि त्यांच्यावर मुलाची जात, वय, मुलगा की मुलगी, ही माहिती चिठ्ठ्या टाकल्यासारखी बदलून लिहिली. खालची जात लिहिलेल्या पत्रिकांना थोडे कमी गुण पडले. फरक लहान होता. पण तो प्रामुख्याने खालच्या मानलेल्या जातींतल्या परीक्षकांकडूनच झालेला दिसला. फुल्यांची मागणी चुकीची होती असा याचा अर्थ मी लावत नाही. नजर कुठल्याही घरातून आलेली असली तरी ती शाळेतच तयार होते, आपण स्वतः ज्या वर्गांत बसलो तिथे. मीही शेतमजुराच्या घरातली. मला ज्या बाईंनी पुढे आणलं त्यांनी माझ्या शेजारच्या दोघींना मागे ठेवलं होतं, आणि ‘कष्ट करणारी वर येतात’ हाच धडा मी त्या वर्गातून घेऊन निघाले. तोच धडा माझ्या कागदावरच्या चार कोऱ्या चौकटींत उतरला.

आता कामाच्या ओझ्याचं. शिक्षण हक्क कायद्याच्या २७व्या कलमात जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकांना इतर कामं देऊ नयेत असं लिहिलेलं आहे, आणि प्रत्यक्षात काय चालतं ते प्रत्येक शिक्षकाला माहीत आहे. द्विशिक्षकी शाळेत चार वर्ग, त्यातला एक शिक्षक बैठकीला गेला की दुसऱ्याने काय करायचं? या तक्रारीत काडीचंही खोटं नाही. तसंच शिक्षक शाळेत येतच नाहीत हा आरोप महाराष्ट्राला तरी फारसा लागू पडत नाही. २००३ साली देशभर अचानक भेटी देऊन केलेल्या पाहणीत सरकारी प्राथमिक शाळांतले चौथा हिस्सा शिक्षक गैरहजर आढळले होते. महाराष्ट्रात ते प्रमाण १४.६ टक्के, म्हणजे पाहिलेल्या राज्यांत सर्वांत कमी होतं. पण मग उलट प्रश्न उभा राहतो. शिक्षक वर्गात असतानाच्या वेळात काही मुलं शिकतात आणि काही शिकत नाहीत, ती दर वर्षी त्याच वस्त्यांतली का निघतात? ओझं तर सगळ्या वर्गावर सारखंच पडायला हवं. ते वाटून टाकताना आपण पहिली काट कोणाच्या वेळेला मारतो?

बिहारमधला एक अनुभव या जागी फार उपयोगी आहे. २००८च्या उन्हाळ्यात तिथे सरकारी शिक्षकांनीच महिनाभराची वाचनशिबिरं घेतली. इयत्ता बाजूला ठेवून मुलाला आज काय येतं त्यावरून गट केले आणि तिथून पुढे शिकवलं. मुलांचं वाचन सुधारलं. त्याच राज्यात शाळेच्या नेहमीच्या दिवसांत शिक्षकांना तसलंच प्रशिक्षण आणि साहित्य दिलं, तेव्हा मात्र तेवढ्याने फरक दिसला नाही. शिबिराचा जादा मोबदला होता हे खरं. केवळ त्यानेच झालं असं मात्र मला वाटत नाही. शिबिरात पाठ्यपुस्तक पूर्ण करायचं नव्हतं. मूल कुठे आहे हाच तिथला प्रश्न होता. शाळा सुरू झाली की पुस्तक पुढे सरकतं की नाही हा प्रश्न परत येतो आणि पुस्तकाबरोबर धावू न शकणारं पोर अडथळा वाटायला लागतं. म्हणजे नजर ही कातडीसारखी चिकटलेली नसते. जागा आणि काम बदललं की त्याच शिक्षकाची नजर बदलू शकते. हे मला आशेचं वाटतं.

तिरस्काराबद्दल बोलणं सोपं आहे. मला जास्त भीती वाटते ती दयेची, कारण ती चांगुलपणासारखी दिसते. ‘बिचारा, घरी कोणी बघायला नाही. त्याला कशाला त्रास? फळ्यावरचं बघून लिही बाळा.’ मी अशी कितीतरी मुलं पाहिली आहेत ज्यांचं अक्षर मोत्यासारखं आहे, वही नीटनेटकी आहे, आणि वहीतल्या एका शब्दावर बोट ठेवून ‘हे काय लिहिलंय?’ विचारलं तर सांगता येत नाही. चार वर्षं बघून लिहिलेलं. कोणी छळलं नाही, कोणी रागावलं नाही, सगळ्यांनी सांभाळून घेतलं. गरिबीमुळे हे मूल शिकणार नाही, हे त्या सगळ्या मायेच्या पोटात होतं. याउलट कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी काय केलं? वारली मुलं गुरं राखायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत, हे त्यांनाही दिसत होतं. त्यांनी ‘या मुलांचं शिक्षण कसं होणार’ म्हणून सुस्कारा सोडला नाही. गुरं चरतात तिथे कुरणशाळा नेली. परिस्थिती त्यांनी पूर्ण मान्य केली, आणि शिकण्याची अपेक्षा तसूभरही कमी केली नाही. सहानुभूती असलेल्या प्रत्येक शिक्षकाला मला हा फरक पुन्हा पुन्हा सांगावासा वाटतो.

पास-नापासाचा वाद याच्यापुढे मला अपुरा वाटतो. २०१०पासून आठवीपर्यंत कोणाला मागे ठेवायचं नाही असं ठरलं, २०१९ साली कायदा बदलला, २०२३-२४पासून आपल्याकडे पाचवी आणि आठवीची वार्षिक परीक्षा परत आली. एक म्हणतो परीक्षा गेली म्हणून मुलं शिकेनात, दुसरा म्हणतो परीक्षा मुलांना मारते. पण परीक्षा नव्हती त्या वर्षांत आम्ही सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाच्या वर्णनात्मक नोंदी कशा भरल्या? नमुना नोंदींची तयार यादी समोर ठेवून, ‘स्वच्छता राखतो’, ‘वर्गकार्यात सहभागी होतो’ अशी वाक्यं मुलांना वाटत गेलो. प्रत्येक मुलाला निरखून पाहायचं म्हणून काढलेली नोंदवही आम्ही मुलाकडे न पाहताच भरली. पुढे २०१५ साली ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ हा सरकारी कार्यक्रम आला. प्रत्येक मूल शिकलं पाहिजे हा त्याचा आग्रह मला मनापासून पटला होता. साताऱ्याचं कुमठे बीट, म्हणजे तिथल्या शाळांचा गट, पाहायला राज्यभरातून शिक्षक जात, मीही गेले होते. मुलं फरशीवर बसून आपापलं शिकत होती आणि शिक्षक त्यांच्यामध्ये मांडी घालून बसले होते. परत आल्यावर आमच्याकडे अनेक शाळांच्या फरश्या रंगल्या, भिंती बोलक्या झाल्या. पण कागदोपत्री ‘अप्रगत’ मुलांची यादी तयार झाली, आणि थोड्याच दिवसांत शिक्षक मुलासमोरच म्हणू लागले, ‘हा माझा अप्रगत.’ ‘ढ’ गेला, त्याच्या जागी सरकारी शब्द आला.

शिक्षकांकडे शिक्षण खातं कोणत्या नजरेने पाहतं हेही याच हिशेबात धरलं पाहिजे. २०२३पर्यंत प्राथमिकच्या शिक्षणसेवकाला, म्हणजे कायम होण्याआधीच्या तीन वर्षांतल्या नव्या शिक्षकाला, महिना ६,००० रुपये मानधन होतं. तेव्हा ते १६,००० झालं. तीन वर्षं मजुरीपेक्षा कमी पैशांवर राबवून घेतलेल्या तरुणाला आपण म्हणतो, प्रत्येक मुलाच्या क्षमतेवर विश्वास ठेव. त्याच्या स्वतःच्या क्षमतेवर कोणी विश्वास ठेवला होता? तपासणीला आलेला अधिकारी दप्तर बघतो, शिक्षकाला वर्गासमोर उभं करून बोलतो, आणि मुलं ते पाहतात. मुलाला ज्या रीतीने मागच्या रांगेत ढकललं जातं, त्याच रीतीने शिक्षकालाही ढकललं जातं. हे बदलायलाच हवं आणि त्यासाठी संघटनांनी भांडायलाच हवं. पण ते बदलेपर्यंत दुसरीतलं मूल थांबू शकत नाही. त्याची दुसरी एकदाच येते.

मला अधिकाऱ्यांना एवढंच सुचवायचं आहे की शाळाभेटीत एक तास दप्तर मागू नका. मागच्या रांगेतल्या मुलाशेजारी बसा, त्या तासात शिक्षक त्याच्याशी किती वेळा बोलला ते मोजा, आणि तो कागद शेरेबुकात न चिकटवता शिक्षकाच्याच हातात द्या. मला माझा कागद असाच मिळाला होता म्हणून मी तो स्वीकारू शकले. शेरा म्हणून मिळाला असता तर मी कारणं सांगितली असती, आणि ती सगळी खरी असती.

त्या कागदानंतर मी खडूच्या रिकाम्या खोक्यात सगळ्या मुलांच्या नावांच्या चिठ्ठ्या ठेवल्या. प्रश्न विचारायचा, चिठ्ठी काढायची, नाव वाचायचं आणि मनात पाचपर्यंत मोजायचं. पहिले काही दिवस फार अवघड गेले. हात आपोआप खिडकीकडे वळायचा. त्या चौथ्या मुलाचं नाव निघालं की तो उभा राही, खाली बघे, मी पाचपर्यंत मोजी, वर्गात कोणीतरी हसे, मग मी प्रश्न सोपा करून पुन्हा विचारी आणि पुन्हा मोजी. तो काही बोलत नसे. असं दोन-अडीच आठवडे चाललं. एके दिवशी वजाबाकीचा प्रश्न होता, हातच्याचा. त्याची चिठ्ठी निघाली. तो उभा राहिला, आणि मी मोजायला सुरुवात करायच्या आत म्हणाला, “बाई, परत एकदा सांगा ना. शेवटचा आकडा नीट ऐकू नाही आला.”